मतभेद कोठे मांडावा?



मतभेद कसा व्यक्त करावा, याविषयी आपल्याला लहानपणापासून पुष्कळ शिकवले गेलेले असते. आवाज चढवू नये, वडीलधाऱ्यांना उलटून बोलू नये, समोरच्याचे बोलणे मध्येच तोडू नये, अपशब्द टाळावेत. ही सारी शिकवण शब्दांविषयीची आहे. मतभेद कोठे व्यक्त करावा, म्हणजे तो संबंधित व्यक्तीला एकांतात सांगावा की सर्वांसमोर मांडावा, याविषयी मात्र क्वचितच कोणी काही सांगते. माझ्या पाहण्यात मतभेदांमुळे झालेले बरेचसे नुकसान कठोर शब्दांनी झालेले नाही. योग्य शब्द अयोग्य ठिकाणी उच्चारल्याने झालेले आहे. त्यांपैकी दोन वेळा ती चूक माझी होती. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

रायगडच्या किनाऱ्यावरील एका अभ्यासकेंद्रावर मी समंत्रक म्हणून काम करतो. आपल्यासारखेच प्रौढ विद्यार्थी तेथे येतात. कोणी एस.टी.मध्ये वाहक आहे, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी पहाटे बंदरावरून मासळी घेऊन बाजार गाठणारी, कोणी कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणारा. रविवारी संपर्कसत्र असते. उरलेले सहा दिवस आमचा वर्ग मोबाइलवरील गटात भरतो. साठेक जण त्या गटात आहेत. एकदा एका विद्यार्थिनीने स्वाध्यायाचे उत्तर गटात टाकले. त्यात तिने लिहिले होते, की २० मार्च १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. ही चूक नेहमी होणारी आहे. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. मनुस्मृतीचे दहन त्याच वर्षी २५ डिसेंबरला, महाडच्याच दुसऱ्या परिषदेत झाले. मी ती चूक तत्काळ दुरुस्त केली. नुसती दुरुस्त केली नाही, तर आपल्याच जिल्ह्यातील घटनेच्या तारखा आपल्याला ठाऊक नसाव्यात याबद्दल दोन खुसखुशीत वाक्येही जोडली. गटातील काहींनी टाळ्यांची चिन्हे पाठवली. मला बरे वाटले, हे लपवत नाही.

ती विद्यार्थिनी पुढचे दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली, तेव्हा वर्ग सुटल्यावर थांबली आणि म्हणाली, “सर, तारीख माझी चुकलीच होती. पण तुम्ही फोन करून सांगितलं असतं तरी चाललं असतं. गटात माझे दीर आहेत.”

एवढेच. तिच्या शिक्षणाला घरातून कोणाचा विरोध होता, या वयात हे कशाला असे कोण म्हणत होते, हे मला नंतर समजले. मी जी तारीख दुरुस्त केली ती बरोबर होती. मी वापरलेला एकही शब्द असभ्य नव्हता. तरीही त्या दिवशी मी एका घरातील वादात, नकळत, चुकीच्या बाजूला साक्ष दिली होती.

आता आपण म्हणाल, चूक सर्वांसमोर लिहिलेली होती, साठ जणांनी वाचली होती. मग दुरुस्तीही सर्वांसमोर नको का? हवीच. चुकीची तारीख तशीच राहू दिली असती तर ती आणखी दहा उत्तरपत्रिकांत उतरली असती. पण येथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या आहेत: तारीख आणि ती लिहिणारी व्यक्ती. तारीख सर्वांची होती. चुकल्याची जाणीव फक्त तिची होती. मी तिला आधी फोन केला असता, तर तिने स्वतःच गटात लिहिले असते की माझ्याकडून दोन परिषदांची गफलत झाली. साठ जणांना बरोबर तारीख मिळाली असती आणि दिरांना काहीच मिळाले नसते. यासाठी मला पाच मिनिटे लागली असती.

आमच्याकडे अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या खारेपाटात समुद्राचे पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून मातीचे बांध घातलेले असतात. शेते वेगवेगळ्या मालकांची, पण बांध सर्वांचा. कोणाच्या शेतात तण माजले असेल तर शेजारी त्याला वाटेत गाठून सांगतो. त्यासाठी गाव गोळा करत नाही. पण उधाणाच्या दिवसांत बांध पाझरताना दिसला, तर ज्याला दिसला त्याने तेथूनच हाक घालायची असते. त्या वेळी बांधाचा तो तुकडा ज्याच्या शेतालगत आहे त्याच्या अब्रूचा विचार करत कोणी थांबत नाही, कारण एकदा खांड पडली की खारे पाणी सर्वांच्याच शेतात शिरते आणि पुढची काही वर्षे तेथे भात धड पिकत नाही. मतभेद खाजगी की जाहीर, हा प्रश्न मी आता अशाच रीतीने स्वतःला विचारतो. हे तण आहे की बांध? ज्या गोष्टीचा परिणाम एकाच व्यक्तीवर होणार ती त्या व्यक्तीला सांगावी. ज्या गोष्टीचा परिणाम सर्वांवर होणार ती सर्वांना कळली पाहिजे. बोलताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात बहुतेक मतभेद अर्धे तण आणि अर्धे बांध असे असतात, आणि त्यांचे काय करावे हे पाहण्यासाठी याच जिल्ह्यातील एका व्यक्तीचे उदाहरण मला उपयोगी वाटते.

चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६ साली महाडजवळच्या नाते या गावी झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून त्यांनी १९४३ पासून काम पाहिले. १९५० साली ते केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते लोकसभेवर निवडून आले ते कुलाबा मतदारसंघातून. आजच्या रायगड जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा हेच होते. राज्यांच्या पुनर्रचनेचा प्रश्न तापलेला असताना, १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान पंडित नेहरूंनी मुंबई शहर केंद्रशासित राहील असे आकाशवाणीवरून जाहीर केले. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाले, माणसे मेली. ज्या मंत्रिमंडळाच्या नावाने हा निर्णय सांगितला गेला, त्याच मंत्रिमंडळात देशमुख होते. आणि ज्यांना तो निर्णय अन्यायाचा वाटत होता त्यांच्या मतांवर ते निवडून आलेले होते.

देशमुखांनी काय केले? जानेवारीतच त्यांनी पंतप्रधानांकडे राजीनामा देऊ केला. पंतप्रधानांनी थांबण्यास सांगितले आणि ते थांबले. मधल्या काळात ते आपले मत जेथे मांडायचे तेथे मांडत राहिले. जूनमध्ये पंतप्रधानांनी मुंबईत तोच निर्णय पुन्हा जाहीर केला, तेव्हा मात्र देशमुखांनी पद सोडले आणि २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत उभे राहून त्याची कारणे सांगितली. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर होतात, हा त्यांचा एक आक्षेप होता. मुंबईतील गोळीबारांची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, हा दुसरा. नेहरूंनी सभागृहात त्यांना उत्तर दिले आणि त्यांचे आरोप अमान्य केले.

या प्रसंगाकडे आपण सामान्यतः स्वाभिमानाची गोष्ट म्हणून पाहतो. ती तशी आहेच. पण मला त्यातील क्रम महत्त्वाचा वाटतो. ज्या व्यक्तीशी मतभेद होता तिलाच तो आधी सांगितला गेला, तोही मोघमपणे नव्हे, पद सोडण्याच्या तयारीने. तो मार्ग खुंटला तेव्हाच बाब जाहीर झाली. आणि जाहीर झाली ती कोठे? ज्याच्याविषयी बोलायचे तो समोर बसलेला आहे आणि त्याला तेथल्या तेथे उत्तर देता येते अशा ठिकाणी. स्वतःचे नाव, कारणे आणि मोजलेली किंमत, या तिन्ही गोष्टी त्या भाषणाबरोबर होत्या. जो मतभेद जाहीर करताना आपले काहीच पणाला लागत नाही, त्याकडे मी आता थोड्या संशयाने पाहू लागलो आहे. स्वतःच्या अशा मतभेदांकडे तर अधिकच.

देशमुखांच्या त्या भाषणातील एक भाग मात्र मला आजही खटकतो. महाराष्ट्राविषयी आकस आहे असाही आरोप त्यांनी केला. निर्णयाची पद्धत चुकली, हा आरोप कागदपत्रांवरून तपासता येतो. चौकशी नाकारली, हाही तपासता येतो. दुसऱ्याच्या मनातील आकस कोणी आणि कसा तपासायचा? तो आरोप खरा असेल किंवा नसेल. पण तो उच्चारला गेल्यावर वाद निर्णयावरून निघून मनांवर गेला. आज त्या भाषणाची आठवण काढणाऱ्यांना बहुधा तो एकच शब्द आठवतो, मंत्रिमंडळाच्या कार्यपद्धतीविषयीचा मुद्दा आठवत नाही. वास्तविक तोच मुद्दा अधिक मोलाचा होता. आपल्या अभ्यासगटातही “तुमचे विधान चुकीचे आहे” येथपर्यंत आलेला वाद “तुम्ही मुद्दामच असे लिहिता” येथे पोहोचला, की मूळ विधानाकडे पुन्हा कोणी फिरकत नाही, हे आपण पाहिले असेल.

राजीनाम्यानंतर त्याच वर्षी देशमुख विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६१ पर्यंत त्या पदावर राहिले. म्हणजे ज्या सरकारातून ते जाहीर मतभेदाने बाहेर पडले, त्याच सरकारच्या काळात देशाच्या उच्च शिक्षणाची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. याचे श्रेय एकट्या देशमुखांना देता येणार नाही. ऐकून घेणाऱ्यांनाही ते द्यावे लागेल. आपण मतभेद मांडण्याचे शिष्टाचार शिकतो, ऐकून घेण्याचे शिकत नाही. ज्याने काल आपल्याला सर्वांसमोर खोडून काढले त्याला आज काम सांगता येणे, ही त्या शिष्टाचाराची खरी कसोटी असावी.

येथवर वाचून आपला असा समज होण्याची शक्यता आहे, की मी खाजगीला झुकते माप देतो आहे. आधी एकांतात बोला, मग नाइलाज झाला तर चारचौघांत. मीही बरीच वर्षे असेच मानत होतो. दुसऱ्या चुकीने तो समज मोडला.

आमच्या गटात एकदा एका विद्यार्थ्याने एक विनोद पुढे ढकलला. विनोद जातीवरून होता. नाव घेतलेले नव्हते, पण कोणाविषयी आहे हे कळत होते. पहिल्या अनुभवाने शहाणा झालेला मी. मी त्याला वैयक्तिक संदेश पाठवला, शांतपणे समजावले. त्याने क्षमा मागितली आणि तो विनोद काढून टाकला. प्रकरण कसे नीट मिटवले, याचे मला समाधान वाटले. चार-पाच दिवसांनी दुसरा एक विद्यार्थी सहज बोलता बोलता म्हणाला, की तो गट सोडण्याच्या विचारात आहे. कारण विचारल्यावर त्या विनोदाचा विषय निघाला. मी त्या विद्यार्थ्याशी बोललो होतो, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, “तुम्ही बोललात हे मला आज कळतंय, सर. मला वाटलं होतं, साठ जणांना ते चाललं.”

अपमान सर्वांसमोर झाला होता आणि त्याचा निषेध एका बंद खिडकीत. ज्याने विनोद पाठवला त्याची अब्रू मी राखली. ज्याच्यावर तो होता त्याची राखण्याचा विचारही मला सुचला नव्हता. येथे मी तण समजलो तो बांध होता.

“आपण हे खाजगीत बोलू या” हे वाक्य कोण कोणाला म्हणतो आहे, हे पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली. बरोबरीच्या दोन माणसांत ते वाक्य सौजन्याचे असते. बलवानाने दुबळ्याला म्हटलेले तेच वाक्य पुष्कळदा त्याला एकटा पाडण्याचे साधन असते. अलिबाग तालुक्यातील चरी या गावी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला, खोतांची जमीन कसण्याचे नाकारले आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. त्याआधी कुळांनी खोतांकडे तक्रारी केल्याच नसतील असे कोण म्हणेल? पण एकेकट्या कुळाने खोताच्या ओटीवर खाली बसून केलेली तक्रार आणि पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी एकत्र उभे राहून दिलेला नकार, यांत शब्द तेच असले तरी गोष्ट एकच राहत नाही. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्याकडे म्हणतात. ओटीवरच्या बोलण्यात ती भीड सतत बाजूला बसलेली असते.

महाडच्या तळ्याचेही तसेच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. सारे काही रीतसर, सभ्यपणे, सभागृहात. आणि तीन वर्षे त्या तळ्यातील ओंजळभर पाणीही कोणा अस्पृश्याच्या ओठी लागले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले, ते भर दिवसा, सर्वांच्या देखत. तो हक्क सार्वजनिक होता, म्हणून तो बजावण्याची कृतीही सार्वजनिकच असणे प्राप्त होते. एखाद्याने रात्री गुपचूप पाणी प्यायले असते तर तहान भागली असती. हक्क सिद्ध झाला नसता.

परंतु मला येथे विशेष सांगायचे आहे ते त्या वर्षातील कमी परिचित प्रसंगांविषयी, कारण ते विरोधकांशी नव्हे, स्वकीयांशी झालेल्या मतभेदांचे आहेत. ब्राह्मणेतर चळवळीतील केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी महाडच्या लढ्याला पाठिंबा देऊ केला, मात्र त्यात ब्राह्मणांना घेऊ नये अशी अट घातली. पाठिंब्याची गरज मोठी होती. डॉ. आंबेडकरांनी ती अट नाकारली आणि त्याची कारणे ‘बहिष्कृत भारत’ या आपल्या पत्रातून जाहीरपणे मांडली. त्यांचा विरोध ब्राह्मण्याला, उच्चनीचतेच्या वृत्तीला होता; जन्माने ब्राह्मण असलेल्या व्यक्तीला नव्हता. डिसेंबरच्या परिषदेत मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मणच होते. मित्र होऊ पाहणाऱ्यांशी मतभेद जाहीर करणे हे शत्रूशी भांडण्यापेक्षा अवघड असते. तो मतभेद खाजगीत मिटवून टाकता आला नसता का? आला असता; पण लढ्यात कोण असेल हा प्रश्न दोन-तीन नेत्यांचा नव्हता, त्यात उतरणाऱ्या प्रत्येकाचा होता.

आणि डिसेंबरमध्ये तर मतभेद स्वतःच्याच अनुयायांशी होता. हजारो प्रतिनिधी सत्याग्रहाच्या निर्धाराने महाडला आले होते. विरोधकांनी आधीच दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेच्या व्यासपीठावरून आपले म्हणणे मांडू दिले गेले. विरोधी वाटणाऱ्या माणसालाही समोर उभे करून ऐकले गेले, ही गोष्ट लहान नाही. त्यानंतर सत्याग्रह तूर्त तहकूब ठेवण्याची भूमिका डॉ. आंबेडकरांनी स्वतः परिषदेपुढे ठेवली. चार पुढाऱ्यांनी तंबूत बसून ठरवावे आणि सकाळी लोकांना सांगावे, असा सोपा मार्ग उपलब्ध होता. तो न घेता, निराश होणार हे दिसत असलेल्या समुदायासमोर उभे राहून कारणे सांगितली गेली आणि परिषदेने ती मानली. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने गेले, पाण्याला हात न लावता. न्यायालयातील तो वाद पुढे जवळजवळ दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला.

आतापर्यंत मी दोनच ठिकाणांविषयी बोललो: संबंधित व्यक्तीसमोर आणि सर्वांसमोर. व्यवहारात एक तिसरे ठिकाण असते आणि आपले बहुसंख्य मतभेद तेथेच वास्तव्याला असतात. ज्याच्याविषयी मतभेद आहे तो वगळून इतर सर्वांसमोर! पूर्वी यासाठी पार होता, विहीर होती, धक्क्यावर लाँचची वाट पाहणारी मंडळी होती. आता कोणाचा तरी संदेश जसाच्या तसा टिपून दुसऱ्या गटात पाठवला जातो आणि खाली लिहिले जाते, “बघा, काय लिहिलेय!” या ठिकाणी केलेला मतभेद खाजगीही नसतो आणि जाहीरही नसतो. खाजगीतील जिव्हाळा त्यात नाही, जाहीर बोलण्यातील जोखीम नाही आणि उत्तर देण्याची संधी तर कोणालाच नाही. विशेष म्हणजे असे करणारा स्वतःला सभ्य समजत असतो, कारण त्याने कोणाला तोंडावर दुखावलेले नसते. मला विचाराल तर गटात उघडपणे रागावून लिहिणारा विद्यार्थी मला या सभ्य माणसापेक्षा बरा वाटतो. त्याच्याशी निदान बोलता येते.

शब्दांविषयी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. लिखित संदेशाला आवाज नसतो. समोरासमोर बोलताना जो खोडकरपणा डोळ्यांतून दिसतो, तो पडद्यावर टोमणा होऊन पोहोचतो. म्हणून गटात मतभेद लिहिताना उपरोध टाळावा. समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत लिहावे, “आपले म्हणणे मी असे समजलो” असे. आणि रात्री अकरानंतर सुचलेले उत्तर सकाळी पाठवावे. हे शेवटचे मी स्वतःसाठी केलेले बंधन आहे. दिवसभर काम करून थकलेल्या माणसाला रात्री सगळेच जग चुकीचे वाटते.

गेल्या महिन्यातील संपर्कसत्रात मी देशमुखांच्या राजीनाम्याचा प्रसंग वर लिहिला तसाच सांगितला आणि आधी खाजगी, मग जाहीर हा त्यांचा क्रम आदर्श म्हणून फळ्यावर लिहिला. दोन दिवसांनी, ज्या विद्यार्थिनीची तारीख मी भर गटात दुरुस्त केली होती, तिचा त्याच गटात संदेश आला. तो लांब होता आणि नीट लिहिलेला होता. तिने आधी माझे म्हणणे थोडक्यात सांगितले होते, तेही मी सांगितले त्याहून नेटके. मग तिने विचारले होते: जानेवारीत मुंबईत गोळीबारात माणसे मेली. देशमुखांचा मतभेद तेव्हाच झाला होता. मग लोकसभेत कारणे सांगायला त्यांनी जुलैपर्यंत का थांबावे? पंतप्रधानांशी एकांतात बोलणे हे त्यांच्या पदाला शोभणारे होते, हे मान्य. पण कुलाब्याच्या ज्या मतदारांनी त्यांना पाठवले होते, त्यांच्या दृष्टीने ते सहा महिने मौनच नव्हते का? सर, तुमच्याच उदाहरणाप्रमाणे विचारते, तेव्हा बांध पाझरत नव्हता का?

मंत्रिमंडळाच्या सामुदायिक जबाबदारीचा मुद्दा मी उत्तरात मांडू शकतो. मंत्री असेपर्यंत मंत्रिमंडळाच्या निर्णयावर बाहेर टीका करायची नाही, ही संसदीय पद्धत आहे, आणि देशमुख तिला बांधलेले होते. पण मग जानेवारीतच पद सोडून मोकळे का झाले नाहीत, हा तिचा पुढचा प्रश्न असणार, आणि त्याचे जे उत्तर माझ्याकडे आहे ते मलाच पुरेसे वाटत नाही.

तिने हे मला वैयक्तिक संदेशात लिहिले नाही, सर्वांसमोर लिहिले. तिचे दीरही त्या गटात आहेत. संदेशाखाली कोणीही टाळ्यांची चिन्हे पाठवलेली नाहीत, एस.टी.तील वाहक विद्यार्थ्याने मात्र तिच्या बाजूने एक मुद्दा जोडला आहे आणि दुसऱ्या एकाने माझ्या बाजूने. माझे उत्तर मी दोनदा लिहून दोनदा खोडले आहे. रविवारी सत्र आहे. त्याआधी ते गटातच द्यावे लागेल.